सिद्धप्पांच्या छातीतली डबी

सिद्धप्पा बोलता बोलता पडायचे, आणि उठले की वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं जोडायचे.

भवानी पेठेत त्यांचं मागाच्या सुट्या सामानाचं दुकान होतं. धोटे, कातडी पट्टे, असलं सगळं. होटगीचं एक गिऱ्हाईक एकदा पट्ट्याचा भाव पाडायला हटून बसलं. “ह्याच्या खाली एक पैसा–” एवढं म्हणून सिद्धप्पा गल्ल्यावर आडवे झाले. गिऱ्हाइकाची बोबडी वळली. त्यानं सिद्धप्पांनी सांगितलेला सगळा भाव गुपचूप गल्ल्यावर ठेवला आणि पाणी आणायला धावलं. ते परत येईतो सिद्धप्पांनी डोळे उघडले होते. “–उतरणार न्हाई,” म्हणाले आणि पैसे उचलले. तेव्हापासून पेठेत बोललं जाऊ लागलं की ही चक्कर नव्हे, धंद्याची युक्ती आहे.

घरी मात्र कुणी हसत नव्हतं. ते पडले की बायको शांतम्मा त्यांच्या डोक्याखाली हात घालायची आणि शेवटचा शब्द लक्षात ठेवायची, कधी उठल्यावर ते विचारत, “मी कुटं होतो?” तेव्हा सांगता यावं म्हणून. लेकीनं, पद्मजानंही ही सवय उचलली होती. ती शाळेत मराठी शिकवायची. वर्गात पोरं अर्ध्यावर अडली की शब्द पुरवायची, घरी वडिलांना.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, आलेख काढला आणि समजावून सांगितलं, “हृदयाच्या वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्याला पोचत नाही. मधेच गळतो.”

“म्हणजे वरचा शाफ्ट फिरतोय आणि पट्टा घसरतोय,” सिद्धप्पा म्हणाले. “मग पट्टा बदला की.”

“तेच सांगतोय. छातीत एक छोटं मशीन बसवावं लागेल. वेळेवर ठोका देतं. पण ते परदेशातून येतं.”

त्याची किंमत ऐकून सिद्धप्पांना वाटलं, आपण इथंच पडावं. तेवढ्या पैशात पेठेत घर आलं असतं, आणि वर जकात वेगळीच. पण थोरला शरणप्पा इंग्लंडात एका गिरणीत इंजिनिअर होता. त्यानं तिथल्या सरकारी इस्पितळात चौकशी करून कळवलं, की इथं आणलंत तर तिकिटाचाच काय तो खर्च. मशीन आणि कापाकापी सरकारकडून.

“फुकट?” सिद्धप्पांच्या कपाळाला आठ्या. “मी पट्ट्याबरोबर बक्कल फुकट देत न्हाई. हे सरकार मशीन कसं देतंय?”

“नेलेलं परत करतेत ओ मामा,” शेजारच्या कारखान्याचा नरसय्या म्हणाला. “दीडशे वर्सं नेलं. तुमी बिनघोर जावा.”

हा हिशेब सिद्धप्पांना पटला. पासपोर्टासाठी फोटो निघाला. शांतम्मानं कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा भरायला घेतला, जणू नवरा इंग्लंडला नव्हे, दुष्काळी मुलखात चालला होता. तिथल्या डॉक्टरांना आधी छातीचा एक्सरे हवा होता. सिद्धप्पा पेठेतल्या एक्सरेवाल्या मल्लिनाथकडे गेले, फोटो काढून आले, प्लेट विमानाच्या टपालानं थेट इस्पितळात गेली.

आणि एके दिवशी शरणप्पाचा फोन आला.

फोन नरसय्याच्या कारखान्यात होता. परदेशचा आवाज ऐकू यायचा तर माग बंद करावे लागत. माग बंद पडले की त्या गल्लीतली माणसं दचकतात. खडखडाटात कुणाचं लक्ष जात नाही, शांततेत जातं. त्यामुळे सिद्धप्पा आणि पद्मजा फोनपाशी पोचेपर्यंत निम्मी गल्ली दारात उभी होती.

“अप्पा,” शरणप्पा तिकडून ओरडत होता, “डॉक्टर विचारतायत, तुम्हाला मशीन आधी कुणी बसवलं?”

“मला?”

“प्लेटवर दिसतंय. छातीवर गोल डबी आहे. डबी आहे पण वायर नाही, म्हणतायत. असलं अर्धवट काम कुणी केलं, त्या डॉक्टरचं नाव सांगा. ते कळल्याशिवाय तारीख देत नाहीत.”

सिद्धप्पांचा हात आपोआप छातीवर गेला. सदऱ्याखाली चांदीची डबी होती, आणि डबीत इष्टलिंग. लहानपणी गुरूंनी शिवदाऱ्यात, त्या पवित्र दोऱ्यात, बांधून गळ्यात घातलेलं. लिंगायत माणसाच्या अंगावरून ते उतरत नाही. आंघोळीत नाही, झोपेत नाही, आजारपणात तर नाहीच. एक्सरे काढणाऱ्या मल्लिनाथच्या गळ्यातही तेच होतं. ‘काढून ठेवा’ असं म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं. फोटोसाठी नाक काढून ठेवा असं कुणी म्हणतं का?

“अरे शहाण्या,” सिद्धप्पा फोनमध्ये म्हणाले, “ते लिंग हाय. तुला कळलं न्हाई? तुझ्या गळ्यात काय हाय मग?”

आतापर्यंत त्याला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“अप्पा, आवाज येत नाहीये,” शरणप्पा म्हणाला. “नवीन प्लेट पाठवा. डबी काढून.” आणि फोन तुटला.

नरसय्यानं माग सुरू केले, पण बातमी त्यांच्याआधीच सुटली होती. संध्याकाळपर्यंत पेठेत दोन तट पडले. एक म्हणे, सिद्धप्पानं चोरून मशीन बसवून घेतलंय. दुसरा म्हणे, बसवलंय खरं पण वायर जोडायची राहिली, म्हणून पडतोय.

सिद्धप्पांना तर आयतंच घबाड मिळालं. “एवढा शिकलेला गोरा डॉक्टर बघतोय आणि म्हणतोय, छातीत मशीन हाय,” ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. “मग दुसरं कशाला? एका चाकाला कुणी दोन पट्टे लावतंय काय? आणि ते काढून फोटो म्हणत असतील, तर जमायचं न्हाई. इंग्लंड राहिलं तर राहिलं.”

“अहो, पण तुम्ही पडता,” शांतम्मा म्हणायची.

“पडतो. उठतो की.”

बाप कशाला भितोय हे पद्मजाला दिसत होतं. माणूस विमानाला भितो, सुरीला भितो, अनोळखी गावात मरायला भितो. आणि ह्यातलं काहीच तोंडानं न काढता धर्माच्या आड उभा राहतो. पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? शिवाय आड उभं राहायला त्यांनी निवडलेली जागा खोटी नव्हती. तिच्याही गळ्यात तेच होतं.

ती गुरुलिंग स्वामींकडे गेली. स्वामी घराण्याचे गुरू. म्हातारे, दात एकच, पण शब्द चावून बोलायचे. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “फोटोला छाती पायजे न्हवं? मग लिंग छातीवरच कशाला? तळहात काय परका हाय? रोज पूजा कुटं करतो तुझा बाप?”

“डाव्या तळहातावर.”

“मग. शिवदारा लांब बांध. लिंग तळहातावर घेऊन हात बाजूला धरायचा. अंगावरून उतरलं न्हाई आणि छातीबी मोकळी. फकस्त एक. तळहातावर घेतलं की पूजा करायची. नुसतं मनगट दुखेस्तोवर धरून बसायचं न्हाई. मीच येतो.”

स्वामींनी घरी येऊन सिद्धप्पांना हेच सांगितलं. गुरूच वाट दाखवायला लागल्यावर शिष्य कुठं पळणार? तरी जाता जाता पुटपुटले, “लिंगाला त्या किरणांचा काय त्रास झाला तर?”

“लिंगाला किरणाची भीती न्हाई, सिद्धप्पा,” स्वामी म्हणाले. “तुला हाय. चल.”

असा तो लवाजमा मल्लिनाथच्या दवाखान्यात दाखल झाला. पुढं स्वामी, मागं सदरा खांद्यावर टाकलेले सिद्धप्पा, त्यांच्या मागं तांब्या, विभूती आणि बेलाची पानं घेतलेली पद्मजा. बाकावर हात मोडलेला एक माणूस बसला होता. तो उठून पाया पडला. मल्लिनाथनं काळा पडदा सारून सगळ्यांना आत घेतलं आणि सांगितलं, “उदबत्ती नका लावू फक्त, स्वामी. प्लेटवर धूर येतो का काय, मला म्हाईत न्हाई.”

सिद्धप्पा स्टुलावर बसले. कपाळाला, छातीला विभूती ओढली. डबीतून लिंग काढून तळहातावर घेतलं, पाणी वाहिलं, बेल वाहिला. लांब शिवदारा रिकाम्या डबीसकट गळ्यातून खांद्यावरून हाताशी गेला होता. मंत्र म्हणताना त्यांचा आवाज एरवीसारखाच खडखडीत होता. त्यांची पूजा पद्मजानं कधी पाहिली नव्हती. पूजेच्या वेळी ते देवघराचं दार लोटून घेत. त्यांचा तळहात आपल्याला असा उघडा कधी दिसलाच नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

“आता उभं राहा, काका. छाती प्लेटला टेकवा. डावा हात असा लांब बाजूला. हां. हलायचं न्हाई.”

सिद्धप्पा उभे राहिले. एक हात आडवा पसरलेला, त्यावर लिंग. पाठीमागून दिसणारा माणूस एकदम बारीक वाटत होता. मल्लिनाथ आणि पद्मजा आडोशाला गेले. स्वामी गेले नाहीत. “माझा फोटो आला तर येऊ दे,” म्हणाले.

“मल्लू,” सिद्धप्पा मान न वळवता म्हणाले, “ह्या वेळी नीट काढ बग, न्हाई तर तो गोरा म्हणायचा–”

आणि गुडघे वाकले.

पद्मजा धावली. एरवी ती डोक्याकडे धावायची. आज हाताकडे धावली. तळहात कलंडत होता. तिनं खालून आपले दोन्ही हात लावले आणि त्यांची बोटं त्यांच्याच तळहातावर मिटवली, घट्ट. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही. तिनं लावला नाही. मूठ त्यांची, बाहेरून तिची. मल्लिनाथनं काखेत हात घालून त्यांना जमिनीवर टेकवलं. बेलाचं पान मात्र घसरून फरशीवर पडलं.

सिद्धप्पांनी डोळे उघडले तेव्हा पद्मजा सवयीनं शब्द द्यायला गेली आणि तिला तो आठवेना. तेही वाक्य पुरं करायला गेले नाहीत. ते मुठीकडे बघत होते.

“पडलं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, अप्पा.”

“कुणी धरलं?”

“तुमच्याच मुठीत हाय.”

त्यांनी तिचे हात पाहिले. हात अजून सुटले नव्हते. बाहेर तो हात मोडलेला माणूस बाकावर कुणाला तरी सांगत होता, आत स्वामी कुणाला तरी भुतातून सोडवायलेत.

“दुकानात पडलो तर गळ्यात असतंय,” सिद्धप्पा हळू म्हणाले. “रस्त्यात पडलो तरी गळ्यात. मी म्हणलं, पडलो तर पडलो, माझं मी उठतो. पण रोज दोनदा हातात घेतो की मी. दार लावून. एकटा.”

“व्हय,” स्वामी म्हणाले.

“आणि तवा चक्कर आली तर?”

स्वामींनी वाकून फरशीवरचं बेलाचं पान उचललं.

सिद्धप्पा उठायला लागले. पद्मजानं आधार देऊ केला तर म्हणाले, “आधी हात सोड, पोरी. मला डबीत ठेवायचंय.” मग विचार बदलला. “न्हाई, राहू दे. फोटो राहिलाय न्हवं? तू हितंच थांब, खालून हात लावून. मल्ल्या, हिचा हात आला फोटोत तर चालंल का?”

“कडेला हाय, न्हाई येणार.”

“मग दाब बटण. आणि लवकर दाब.”

मल्लिनाथनं पद्मजाच्या अंगावर शिशाचा एप्रन चढवला. तो इतका जड होता की ती वाकलीच. बापाच्या मुठीखाली हात लावून ती उभी राहिली. “श्वास घ्या. धरा,” मल्लिनाथ म्हणाला, आणि सिद्धप्पांबरोबर तिनंही श्वास धरला. स्वामींनीही धरला असावा, कारण “सोडा” म्हटल्यावर तिघांचाही सुटला.

प्लेट धुऊन चिमट्याला लटकवली तेव्हा सगळे तिच्यासमोर उभे राहिले. बरगड्या होत्या, डावीकडे फुगलेलं, सुस्तावलेलं हृदय होतं. बाकी काही नव्हतं. पद्मजानं त्यांची छाती डबीवाचून कधी पाहिली नव्हती. ती इतकी मोकळी असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती दुसरीकडे बघू लागली.

“काहीच न्हाई की रे हितं,” सिद्धप्पा म्हणाले.

“न्हाईच, काका. तेच तर त्यांना दाखवायचंय.”

प्लेट वाळायची वाट सिद्धप्पांनी पाहिली नाही. ओल्या प्लेटचं टोक चिमटीत धरून ते भर दुपारी पेठेतून निघाले. मधेच थांबून सूर्यासमोर धरून स्वतःच बघत. नरसय्या कारखान्याच्या दारातच उभा होता. त्यानं मान वाकडी करून पाहिलं.

“रिकामंच हाय की ओ, मामा. मशीन कुटं गेलं?”

“इंग्लंडात हाय,” सिद्धप्पा म्हणाले. “आणायला चाललोय. तुझे माग बंद कर जरा, शरण्याला फोन लावायचाय. त्याला सांगायचंय, विमानतळावर यायच्या आधी लिंग गळ्यात घाल म्हणून.”