मधाची खिडकी

भट्टी चालू असताना बोलायचं नाही, हा आप्पांचा नियम. ओट्सना माणसाचं बोलणं लागतं, मग ते मऊ पडतात, असं आप्पा सांगायचे. पुरावा मागावा, तर नेमकी भट्टी चालू असायची. आप्पा गेले, नियम राहिला. त्यामुळे त्यांचे दोघे मुलगे रोज सकाळी दहापर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून ओट्स मधात घोळवायचे, भाजायचे आणि नाश्त्याचे डबे भरायचे. भांडणंसुद्धा दहानंतरच.

त्या दिवशी साडेदहाला मोठ्या दुकानाच्या बाई चव बघायला येणार होत्या. त्यांनी माल घेतला तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि धाकट्याने मामाच्या कुलपांच्या दुकानात जायचं, असं थोरल्याने आदल्या संध्याकाळी जाहीर केलं होतं. धाकट्याला कुलपांचं वावडं नव्हतं. पण चोर कसा शिरतो, हे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवायचा, आणि चोर व्हायला त्याला घरचाच माणूस लागायचा.

म्हणून धाकट्याने आज मध जिवापाड जपून ओतला. खिडकीतल्या उन्हात मधाची तार इतकी लांबत गेली, की थोडा वेळ त्याला वाटलं, आपणच कुणाच्या तरी पातेल्यातून सावकाश ओघळतो आहोत. तार तुटली, तसा तो भानावर आला आणि डबे पुसायला मागच्या खोलीत गेला.

मग थोरला आला. ओट्स चकाकत होते, पण उन्हात काय, टक्कलही चकाकतं. धाकट्याला विचारावं, तर भट्टी चालू. त्यानेही मध ओतला.

दहाला ट्रे बाहेर आला. त्यात ओट्स असे नव्हतेच. दाराएवढा एकच पत्रा होता. थोरल्याने हातोडी मारली. हातोडी चिकटली.

"तू पण ओतलास?" धाकट्याने विचारलं.

"मग? विचारायचंस तरी."

"कधी?"

यावर थोरला गप्प बसला. दहा वाजून गेल्यावर गप्प बसायची त्याची पहिलीच वेळ.

एवढं मोठं धूड लपवायला जागा नव्हती. हातोडी कशीबशी उपटून त्यांनी ते खिडकीला टेकवून ठेवलं. बाईंना खिडकीच वाटेल, एवढीच आशा.

बाई आल्या. मधातून गाळून आलेल्या उजेडाने खोली पिवळी झाली होती. माशी उडत होती, तीसुद्धा विचार करत उडावं तशी.

"खिडकी छान आहे," बाई म्हणाल्या.

"आप्पांच्या वेळची," थोरला म्हणाला.

बाईंनी जवळ जाऊन वास घेतला, जोर लावून कोपरा मोडला, चवीसाठी ठेवलेल्या वाटीतल्या दुधात बुडवला आणि तोंडात टाकला. मग त्या चावत राहिल्या. घड्याळ टिकटिकत होतं, पण वेळ जात असल्यासारखं वाटत नव्हतं. पाच मिनिटांनी थोरल्याने विचारलं, "कसं आहे, बाई?" बाईंनी बोट वर केलं. थांबा. धाकट्याच्या डोळ्यांपुढे मामा उभा राहिला, हातात चोराचा काळा रुमाल घेऊन.

पाव तासाने बाईंचे दात सुटले.

"आमच्याकडे गिऱ्हाईक सकाळी आलं की तक्रारीच सांगत सुटतं," त्या स्वप्नात असल्यासारख्या म्हणाल्या. "दारातच एकेकाला तुकडा देईन. रोज एक खिडकी पाठवा. ही मी आत्ताच नेते."

बाईंच्या टेम्पोत ती मावेना. मग काचवाले काच नेतात तशी ती दोघांनी उभी धरली आणि रस्त्याला लागले. पुढे बाई, मागे माशी. ओट्सच्या फटींतून धाकट्याला पलीकडचा रस्ता दिसत होता: सोनेरी सायकली, सोनेरी कुत्री आणि सोनेरी थोरला, ज्याच्या कपाळावर एकदम आठी पडली.

"पण उद्या मध कुणी ओतायचा?" थोरल्याने पलीकडून विचारलं.

"दोघांनी."

"किती?"

"ते मला सांगू नकोस," धाकटा म्हणाला. "मीही सांगणार नाही."