तिसरा रकाना

कादिचाने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले आणि कागद मुख्याध्यापकांच्या बाजूला सरकवला.

"आधी तुम्ही सांगा, आगाई. मग मी लिहिते."

"सांगायचंय काय त्यात?" शार्शेनबेक आगाईंनी, म्हणजे सरांनी, चष्मा कपाळावर चढवला. "तीन रकाने आहेत. शाळा, पालक, विद्यार्थी. निकाल का पडला, त्यात कुणाचा किती वाटा. शुक्रवारपर्यंत हा कागद जिल्ह्याला पोचवायचाय. आपल्या रकान्यात लिही, जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या, पालकांना वेळोवेळी कळवलं. बाकीच्या रकान्यांचं ते बापलेक बघतील."

बाहेर आवारात कुणाची तरी गाय शिरली होती. शाळेची झाडलोट करणारी बाई खराटा उगारून तिच्यामागे धावत होती आणि गाय मजेत फुलझाडे खात पुढे सरकत होती. जूनचा पहिला आठवडा. कारा-बुलुन गावातल्या निम्म्या घरांनी मेंढरे घेऊन वरच्या कुरणांची वाट धरली होती, उरलेली निघायच्या बेतात होती.

त्या वर्षी अकरावीची पाच मुले विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसली आणि पाचही पडली. त्यातल्या चौघांचे कुणाला फारसे नवल वाटले नाही. पण बुरुलचा पडली, तेव्हा जिल्ह्यातून दूरध्वनी आला. जिला पाचवीपासून गणितात सतत पाच, म्हणजे सगळ्यात वरचा गुण मिळत आला, तिला प्रवेशापुरते किमान एकशे दहा गुणही का मिळू नयेत? तिला पंच्याऐंशी मिळाले होते. गुणपत्रकावरचे ते सगळे पाच कादिचाच्या अक्षरातले होते.

दारावर टकटक झाली. तोकोन आत आला. येताना त्याने नळावर बूट धुतलेले दिसत होते, जमिनीवर ओले ठसे उमटले. त्याच्यामागून बुरुलचा आली. वेणी घट्ट घातलेली, शाळा संपली तरी अंगात शाळेचाच पांढरा सदरा.

"बस, तोकोन," आगाई म्हणाले. "तूही माझ्याच हाताखालून गेलास. रसायनात तुझं डोकं म्हणजे पालथा घडा. पण तुझी पोरगी हुशार निघाली, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. आता तोंड लपवायला जागा नाही."

तोकोनने डोक्यावरची फेल्टची उंच टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझंच चुकलं, आगाई. लिहून टाका. हिच्या आईला मॉस्कोला जाऊन सहा वर्षं झाली. घर सगळं पोरीवर टाकलं. भाकरी ती भाजते, धाकटीचं ती बघते. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायल्या तेव्हा पंधरा दिवस शाळेतच पाठवली नाही तिला. परीक्षा तोंडावर होती, तरी. लिहा तसं."

"मी कशाला लिहू? तूच लिही, तुझ्या हाताने."

तोकोनने पेन घेतले. कोकराचा पाय धरावा तसे ते मुठीत धरून तो लिहू लागला. मोठमोठी अक्षरे, ओळ उजवीकडे उतरत गेलेली. लिहिताना त्याचे ओठ हलत होते. रकाना भरला तेव्हा त्याने कागद लेकीपुढे ठेवला आणि तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

बुरुलचाने एकच ओळ लिहिली. एका दमात, खाडाखोड न करता.

आगाईंनी चष्मा खाली ओढून वाचले. "'मी प्रश्न विचारणं बंद केलं.' हे काय? असं असतं का कुठं? आळस केला, लक्ष दिलं नाही, असं काहीतरी लिही."

"तेच म्हणायचंय मला, आगाई," बुरुलचा म्हणाली.

कादिचाने टेबलावरचे शिक्के उगीचच एका ओळीत लावायला सुरुवात केली. मुलगी आपल्याकडे बघते आहे की नाही, हे तिने पाहिले नाही.

मुलीने प्रश्न विचारणे थांबवले, तो दिवस तिला ठाऊक होता. सात वर्षांपूर्वी गणिताचे सर विटा रचायला अल्माटीला निघून गेले, तेव्हा आगाई तिला म्हणाले होते, दोन महिने सांभाळून घे, माणूस मिळेपर्यंत. कादिचा भाषेची शिक्षिका. सातवी-आठवीपर्यंत तिने निभावून नेले. पुढे पुस्तक जड झाले तेव्हा ती रात्री जागून उत्तरे पाठ करी आणि सकाळी फळ्यावर उतरवी. पाठांतर तिचे लहानपणापासून पक्के. दहावीच्या वर्गात एकदा बुरुलचाने हात वर केला. गावात बाईंना सगळे एजे म्हणत. "एजे, तिसऱ्या ओळीतलं उणे चिन्ह चौथ्या ओळीत कुठं गेलं?" कादिचा फळ्याकडे बघत राहिली. खडू बोटात भुगा व्हायला लागला. मग ती म्हणाली, "पुस्तकात तसंच आहे. परीक्षेला इतकं खोलात शिरत नाहीत." मुलीने क्षणभर तिच्याकडे पाहिले, रागाने नाही, आजारी माणसाकडे बघावे तसे. मग मान खाली घालून वहीत उतरवून घेतले. त्या दिवशीही कादिचाने तिला पाचच दिले. खरे तर त्या दिवसापासून तिला पाचपेक्षा कमी द्यायची छातीच झाली नाही.

बापलेक निघून गेल्यावर खोलीत तोकोनच्या धुतलेल्या बुटांचे ठसे तेवढे राहिले.

"आगाई," कादिचा म्हणाली, "सात वर्षं गणिताचा शिक्षक नाही, हे आपल्या रकान्यात लिहायला नको?"

आगाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. साठी उलटलेला माणूस. स्वतः रसायन शिकवत आणि भौतिकही, दोन्ही फळ्यावरच, कारण नळ्या-भांडी केव्हाच फुटली होती.

"लिही की," ते म्हणाले. "मग तिकडून माणसं येतील. तुझी पदवी बघतील. तू गणित शिकवतेस कशी, मी शिकवू दिलं कसं, हे विचारतील. तुला घरी बसवतील, मलाही. आणि नवा मास्तर? तो काही त्यांच्या खिशात नाही. वरचे वर्ग बंद करतील, पोरं रोज चौदा किलोमीटर जातील आणि हिवाळ्यात जाणारच नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, कादिचा. कुणाला चावायचं?"

कादिचाने पहिला रकाना भरला. जादा तास, सराव परीक्षा, पालकांना सूचना. अक्षर वळणदार, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तिने सही केली. आगाईंनी शिक्का मारून त्यावर फुंकर घातली.

नंतरचे तीन दिवस ती एकच वाक्य ओठांत घोळवत राहिली. कणीक मळताना, अंगणात पाणी मारताना. दोनदा नवऱ्याने विचारले, कुणाशी बोलतेस? ती म्हणाली, कुणाशी नाही. रविवारी सकाळी तिने डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला, कणकेचे तळलेले बोरसोक फडक्यात बांधून घेतले आणि नदीकडेच्या शेवटच्या घराची वाट धरली. वाक्य तिने पाठ केले होते: बुरुलचा, तू नाही पडलीस, मी पडले. पुढचे काय ते तिला समोर बघून सुचेल, असे तिने ठरवले होते.

तोकोन अंगणात जुन्या गोधडीवर मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होता. तीन पाय दोरीने बांधलेले. मोठ्या कात्रीचे पाते पोटावरून करकर करत फिरत होते आणि आतले पांढरे अंग उघडे पडत होते.

"या, एजे. हात भरलेत माझे, माफ करा. चहा आत आहे, घ्या हाताने."

"बुरुलचा कुठंय?"

"गेली की. काल सकाळच्या गाडीनं. बिश्केकला माझी मेव्हणी शिवणकामाच्या कारखान्यात आहे, तिच्याकडं. जागा रिकामी होती म्हणे, लगेच ये म्हणाली." त्याने मेंढीची मान आपल्या गुडघ्याखाली नीट घेतली. "मेव्हणी खूश आहे. म्हणते, मापं घ्यायला डोकं लागतं, ते पोरीला आहे."

कादिचा हातातले गाठोडे घेऊन उभी राहिली. ते कुठे ठेवावे हे तिला कळेना. मग तिने ते लाकडाच्या ओंडक्यावर ठेवले.

"तोकोन, तो कागद खोटा आहे."

"कुठला?"

"त्या दिवशीचा. शाळेच्या रकान्यात मी लिहिलं ते खोटं आहे." तिचा आवाज वर्गात निघतो तसा मोठा निघाला आणि तिचा तिलाच दचका बसला. तिने तो खाली आणला. "मला गणित येत नाही. सातवी-आठवीच्या पुढचं मलाच कळत नाही. मी पुस्तकाच्या मागची उत्तरं पाठ करून फळ्यावर लिहीत आले. तुझी पोरगी मेंढ्यांमुळं पडली नाही. तिला शिकवायलाच कुणी नव्हतं."

कात्री थांबली नाही. तोकोन पाठीकडे वळला, लोकरीचा थर सालीसारखा अलगद उलटत गेला.

"माहीत आहे, एजे."

"काय माहीत आहे?"

"हेच. गावात कुणाला माहीत नाही? तुम्ही भाषेच्या बाई. माझ्या लग्नात तुम्ही काय बोलला होतात, लोक अजून त्याची आठवण काढतात." तो जरासा हसला, मग हसू विरले. "बुरुलचानंच सांगितलं होतं मला. दहावीत होती. एका संध्याकाळी दूध काढता काढता म्हणाली, बाबा, एजेंना येत नाही. मी विचारलं तर त्यांच्या बोटातल्या खडूचा भुगा झाला."

कादिचाने आपले हात पाठीमागे घेतले.

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, पुन्हा विचारू नकोस." आता मात्र तो थांबला. कात्री गोधडीवर ठेवून त्याने मनगटाने कपाळ पुसले. "म्हटलं, एकदा त्या लाजल्या की सोडून जातील. मग फळ्यापुढं उभं राहायलाही कुणी उरणार नाही. पोर शहाणी. त्यानंतर तिनं ब्र काढला नाही. घरीही नाही."

नदीचा आवाज येत होता. वरच्या बर्फाचे पाणी आल्यामुळे या दिवसांत ती गढूळ असते आणि दगड आपटत वाहते.

"मग ते का नाही लिहिलंस?" कादिचाने विचारले. "कोकरांचं लिहिलंस. हे का नाही?"

"हे लिहिलं असतं तर तुमचंही लिहावं लागलं असतं, एजे. आगाईंचंही." त्याने मेंढीच्या पायांची दोरी सोडली. "कोकरं बरी. ती कुणाला काही बोलत नाहीत."

मेंढी धडपडत उठली, उघड्या अंगाने दोनदा थरथरली आणि कळपात शिरली. तोकोनने लोकरीचा गठ्ठा गुंडाळून बाजूला टाकला. पुढची मेंढी शिंगाला धरून ओढत आणली. ती थोराड होती, पाय झाडत होती.

"जरा मागचे पाय धरता, एजे?"

कादिचा गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी तिने पाय धरले. तोकोन दोरीची गाठ मारू लागला.

"सप्टेंबरात बेर्मेत पाचवीत येतेय," तो म्हणाला. "माझी धाकटी. तुमच्याच हाताखाली."

"माझ्याकडं नको पाठवू तिला, तोकोन."

त्याने गाठ आवळली, ओढून पाहिली. मग मान वर करून तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

"मग कुठं पाठवू?"

मेंढीने जोरात हिसका दिला. कादिचाने पकड घट्ट केली आणि तशीच धरून राहिली.