माझ्या पोटातून काढलेलं मत

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका खेड्याच्या सभागृहात माझा मुक्काम. आयव्हर नावाच्या सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं, पितळी कुलूप लावलं. मतदानाच्या दिवशी मला फडक्याने पुसतात, 'आमची लाडकी पेटी' म्हणतात. एरवी माझ्यावर कॉफीचा थर्मास ठेवतात. गरज सरो, वैद्य मरो!

त्या एप्रिलात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा भरायची होती. आमच्याकडे न्यायाधीशही मतं मागूनच खुर्चीत बसतात. एका बड्या गोठ्याच्या शेणामुताने गावच्या विहिरी नासल्या होत्या, आणि तो खटला याच न्यायालयापुढे होता. ऑर्फा आजी कित्येक वर्षं विकतचं पाणी पीत होती. गारठ्यात वॉकर ढकलत ती आली. जुन्या सवयीने तिने मतपत्रिकेला घट्ट चार घड्या घातल्या आणि माझ्या तोंडात सारली.

"सांभाळ गं बाई," असं ती मलाच म्हणाली.

तिच्यामागून डेल आला. हा गावचं दप्तर आणि मतदान सांभाळणाऱ्या आर्लिसचा नवरा, आणि त्याच गोठ्यावर ट्रॅक्टर चालवणारा.

"नाव सांगा, साहेब!" आर्लिसने थट्टा केली.

"इतकी वर्षं जेवायला वाढतेस, अजून नाव पाठ नाही?"

सगळे खो खो हसले. हसण्याच्या नादात मतदारांच्या वहीत त्याची सही घ्यायचीच राहिली.

निकाल इतका अटीतटीचा लागला की राज्यभर फेरमोजणी झाली. आमच्याकडे सह्यांपेक्षा एक मतपत्रिका जास्त निघाली. आर्लिसचा चेहरा उतरला.

"अहो, ते माझ्या डेलचं मत! सही घ्यायला मीच विसरले. सगळ्या गावाने पाहिलंय त्याला."

"बाई, त्याचं मत कुठलं ते ओळखणार कसं?" जिल्ह्याहून आलेला अधिकारी म्हणाला. "कायदा सरळ आहे. न बघता एक काढा. ती मोजायची नाही."

सगळ्या मतपत्रिका पुन्हा माझ्या पोटात टाकल्या. आर्लिसने तोंड फिरवून हात घातला. आजीची मतपत्रिका उलगडूनही पुरती सपाट झाली नव्हती. तीच बोटांना लागली. मला हात असते तर मी तिचं मनगट धरलं असतं! घड्या बघताच आर्लिसनेही ओळखलं, पण तिने ती तशीच अधिकाऱ्याच्या हाती दिली. डेलचं मत सुखरूप राहिलं.

आजीने मत दिलेली उमेदवार मूठभर मतांनी हरली. पुढे खटला गोठ्याने जिंकला.

परवा सभागृहातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला आजी आली. माझ्यावर हात टेकून आर्लिसला म्हणाली, "हरलो तर हरलो गं. माझं मत तरी मोजलं गेलं."

आर्लिसने मान खाली घालून बाटलीतलं पाणी तिच्या पेल्यात ओतलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुक नको. समोरचा माणूस कितीही घरचा असो, आधी त्याची सही घ्या, मग हवं तेवढं हसा. घरच्याला दिलेली सूट कोणा परक्याला भोवते.

आजीने मला सांभाळायला सांगितलं होतं.