भोंग्याकडे पाठ

चौकातल्या खांबावर भोंगा बसवला तो माझ्या नवऱ्यानेच. तो वायरमन. गावात तापाची साथ आली, तेव्हा वरून हुकूम आला की पाणी कधी सुटणार, कुठला दवाखाना उघडा आहे, हे लोकांना घरबसल्या कळलं पाहिजे. याने शिडी लावली, भोंगा आवळला आणि खाली उतरून मला म्हणाला, "चला, तुझ्यापेक्षा मोठ्याने बोलणारं कुणीतरी आलं गल्लीत." मी हातातला वेत त्याच्या पाठीत घातला. तोवर आम्हाला थट्टा सुचत होती.

मी वेताच्या खुर्च्या विणते. घराच्या पुढच्या खोलीतच माझा कारखाना आहे, आणि साथीत देवळाला कुलूप लागल्यावर आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेसाठी तिथेच जमायला लागली. लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांवरच सगळे बसायचे. मी बजावून ठेवलं होतं की अर्धवट विणलेल्यांवर बसू नका, तरी शाळेतले मास्तर एकदा आत गेलेच. त्यांना ओढून काढताना उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनाही हसू आवरेना.

मग पाण्याच्या सूचना बंद झाल्या आणि नावं सुरू झाली.

उन्हं उतरत होती. भोंगा खरखरला आणि म्हणाला, "बेकरीवाल्याची थोरली. उद्या." बस, एवढंच. आवाज ना बाईचा, ना बुवाचा. रागही नाही, दयाही नाही. आम्हाला वाटलं कुणीतरी टवाळखोर असेल. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची थोरली मुलगी गेली. त्या संध्याकाळी दुसरं नाव आलं, आणि मग रोजच.

नवऱ्याने वायर कापायची ठरवली. मी शिडी धरून खाली उभी होते. कापलेलं टोक त्याच्या हातात लोंबत होतं आणि त्याच्या कानाशी भोंगा बोलला, "पाळक. उद्या." तो शिडीवरून कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाळकसाहेबांना पुरून आल्यावर त्याने भोंगाच काढला आणि माझ्या वेताच्या भाऱ्यांमागे उपडा टाकला. संध्याकाळी आवाज नुसत्या खांबातून आला. मी खिडकीत उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खांबावर एक कावळा बसला होता, आणि तो उडालासुद्धा नाही.

आता आमच्या मंडळीचं काय झालं ते ऐका, कारण मला राग त्याचा जास्त आहे. मास्तर म्हणाले, "नाव आल्यावरच उपासना सुरू करू. म्हणजे त्या माणसासाठी प्रार्थना करता येईल." वाईट काय होतं त्यात? मीच आधी मान डोलावली. मग आवाज नीट यावा म्हणून कुणीतरी खिडकी उघडी ठेवली. मग खुर्च्या खिडकीकडे फिरल्या. मग गाणी बंद झाली, गाण्यात नाव बुडालं तर? प्रार्थना म्हणजे काय, तर "हे प्रभू येशू" असं एकदा म्हणायचं आणि पुढे सगळं कोण गेलं, कोण जाणार, कुणाला आधीच खोकला होता. डोळे मिटलेले, पण कान खांबाला टांगलेले.

माझी नणंद दवाखान्यात नर्स आहे. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, ताप मारतोच, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचं नाव येतं, तो त्याच संध्याकाळी संपलेला असतो. जेवत नाही, पोरांशी बोलत नाही, नुसता खिडकीकडे बघत पडतो. मग उरतंय काय मरायला?"

मी म्हटलं, "तू मास्तरांना सांग." ती म्हणाली, "तुम्ही सांगा, कारखाना तुमचा." शेवटी कुणीच सांगितलं नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. सगळे खिडकीकडे तोंड करून बसले होते. खांब खरखरला.

"ठोंब्या. उद्या."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा ठोंब्या कोण? कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते. ठोंब्या हे नाव फक्त दार लावल्यावरचं, आमच्या दोघांतलं. ते मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, नणंदेपुढेही नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो खांबाकडे बघत होता आणि मान हळूहळू हलवत होता, कुणीतरी हाक मारल्यावर हो म्हणावं तशी.

लोक गेले. तो खुर्चीतून उठला नाही. ताट समोर ठेवलं, हात लावला नाही. "काही बोलशील?" म्हटलं, तर म्हणाला, "आता काय बोलायचं?"

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. तो उद्या जाईल याची भीती होतीच, पण तो आजच गेला होता आणि मला एक अख्खा दिवस त्याच्या रिकाम्या अंगाशेजारी काढायचा होता, त्याने जीव जास्त घाबरला. आणि मी घाबरले की चिडते, तो माझा स्वभावच आहे.

मी त्याची खुर्ची त्याच्यासकट फिरवली. पाय फरशीवर करकरले. आता त्याचं तोंड माझ्याकडे आणि पाठ खिडकीला.

"ऐक," मी म्हटलं. "आपल्या प्रभूलाही माहीत होतं ना, उद्या काय आहे ते? आणि कुणी खांबावरून सांगायची गरज नव्हती, त्याला सगळंच माहीत होतं. क्रुसाचे खिळेसुद्धा. मग त्या संध्याकाळी त्याने काय केलं? खिडकीत बसला?"

तो मान वळवून पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

"जेवायला बसला. स्वतःच्या माणसांना घेऊन बसला. त्यांचे पाय धुतले, गाणं म्हटलं. आणि तू, बायको समोर असताना, त्या लाकडाच्या ठोकळ्याकडे बघत बसणार?"

"लोखंडाचा आहे," तो म्हणाला. "खांब लोखंडाचा आहे."

बोलला तरी. मला रडू आलं आणि हसूही. त्याने ताट ओढून घेतलं. फार नाही, पण जेवला. मग म्हणाला, "मला भीती वाटते गं." मी म्हटलं, "मलाही वाटते. भीती वाटू दे. बघायचं मात्र प्रभूकडे."

सकाळी त्याचं अंग तापलं होतं. तरी तो नणंदेच्या दवाखान्यात गेला, पाण्याची मोटर जळली होती ती सुरू केली आणि दुपारी परत येऊन आडवा झाला. संध्याकाळ व्हायच्या आधी मी कारखान्यातली प्रत्येक खुर्ची फिरवली. खिडकीला पाठ, भिंतीवरच्या साध्या लाकडी क्रुसाकडे तोंड. त्याची खाट मधोमध आणून ठेवली.

मास्तर दारातच थबकले. "अहो बाई, मग नाव कसं ऐकू येणार?"

"नाही येणार," मी म्हटलं. "ज्यांना ऐकायचंय त्यांनी चौकात उभं राहावं. इथे येशूचं नाव चालेल फक्त."

मास्तर दोन्हीकडे बघत राहिले. मग आत आले, एक खुर्ची चाचपून बघितली आणि बसले. नणंदेने गाणं सुरू केलं. आधी आवाज फुटेना कुणाचा, सवय मोडली होती. मग फुटला. जुनी, आईच्या मांडीवर ऐकलेली गाणी एकामागून एक आम्ही अशी म्हटली की खोलीतला वेत थरथरला. नवराही ओठ हलवत होता. मधेच त्याने माझा हात ओढला.

"झाली वेळ?" त्याने विचारलं.

मी बाहेर पाहिलं. दिवे लागले होते. वेळ कधीच होऊन गेली होती. त्या दिवशी कुणाचं नाव आलं, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही.

तो हसला. खरंच हसला. "मी प्रभूकडे चाललो," म्हणाला. "तू घाबरू नकोस. आणि डॉक्टरांची खुर्ची वेळेवर दे, ते फार किरकिर करतात." मग डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने श्वास थांबला. नाव घेतल्याप्रमाणे तो गेला, हे मी नाकारत नाही. खांब खोटं बोलला नव्हता.

त्याला पुरलं, त्या संध्याकाळी मंडळी परत कारखान्यात आली. खुर्च्या तशाच होत्या. आम्ही गायला सुरुवात केली आणि खिडकीबाहेरून कुणीतरी घसा खाकरला.

घसा खाकरायची ती पद्धत मी हजारांत ओळखेन. शिडीवरून मला काही मागायचं असलं की तो असाच खाकरायचा.

"अगं," तो म्हणाला. त्याचाच आवाज, थोडा बसलेला, तापातला. "मी इथेच आहे. गार पडलोय. खिडकीशी ये ना जरा."

गाणं तुटलं. नणंदेने तोंडात पदर कोंबला. सगळे माझ्याकडे बघत होते, पण कुणी मला अडवलं नाही. मी उठले होते. जायचं होतं मला. देवाशपथ, त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. समोर खांब, त्याच्यावर काही नाही, आणि आवाज अगदी जवळून, कानाला लागल्यासारखा.

"ये ना."

"येते," मी म्हटलं. "एवढं सांग. तू प्रभूकडे गेलास ना? मग येशू कुठे आहे?"

खांब खरखरला. मी वाट पाहिली. माझा ठोंब्या असता तर त्याने लगेच सांगितलं असतं, वर दोन टोमणेही मारले असते. आतून काहीतरी शब्द जुळवत असल्यासारखं घरघरत राहिलं, पुन्हा पुन्हा तोंड उघडावं पण ते एक नाव निघू नये तसं. मग ते थांबलं. बाहेर नुसता लोखंडी खांब होता.

मी खिडकी ओढून घेतली, कडी घातली, माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि तेव्हा कुठे माझ्या नवऱ्यासाठी रडले.