रुग्ण क्रमांक सात

क्रांतीने वाकून पाहिलं. म्हशीच्या पुढच्या पायाला पट्टी होती. पांढरी, कोरडी, नीट बांधलेली. पट्टीच्या कोपऱ्यात क्रांतीच्याच अक्षरात लिहिलं होतं : रुग्ण क्रमांक सात.

रुग्ण क्रमांक सातने शेपटीने माशी हाकलली.

"तू उद्या येणार हुतीस न्हवं?" गोठ्याच्या दारात आकाराममामा उभे होते, डावा पाय उजव्यामागे घेऊन.

मधुमेहाने न भरणाऱ्या जखमेसाठी ही पट्टी क्रांतीच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. जखम चिघळू लागली की पट्टीतले अतिसूक्ष्म कण जांभळे होत. उघडून बघायची गरज नाही, नुसता रंग बघायचा. दर सोमवारी ती कसबा बावड्यात येऊन रंगाचा फोटो काढायची. तीन सोमवार मामांची, म्हणजे रुग्ण क्रमांक सातची, पट्टी पांढरीशुभ्र. तिच्या पीएचडीच्या सरांनी तो आलेख परिषदेसाठी निवडला होता. आज ती चांगला फोटो घ्यायला एक दिवस आधीच आली होती.

"मामा, हे काय?"

"जादाच्या पट्ट्या दिलत्यास की. म्हशीचा पाय ठणठणीत हाय. तिची काढायची आन् सोमवारी माझ्या पट्टीवर लावायची."

"पण का?"

मामा खुंट्याचा दोर आवळू लागले. त्यांच्या मागून धोंडुमामी बोलल्या.

"तूच म्हणालतीस न्हवं, मामा, पट्टी जांभळी करू नका, माझी पीएचडी बुडंल? तवापास्नं ह्यांचं एकच, पोरीचं नुकसान नको."

म्हणाली होती. हसत, त्यांच्याच घरचा चहा पीत.

जांभळी झाली तर फोन करा, असंही सांगितलं होतं. ते ओठावर आलं. तिने गिळलं.

मामांना गोठ्यातल्या बाजेवर बसवून तिने त्यांच्या डाव्या पायावरचं कापड सोडलं. खालची पट्टी वांग्यासारखी जांभळी झाली होती. जखमेवर गडद, कडेला फिकट, थेट प्रबंधातल्या आकृतीसारखी. काम करत होती पट्टी! क्रांतीचा चेहरा उजळला.

मग वास आला. करंगळी काळी पडली होती.

"हसली बगा," मामी म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. "उगंच घोर लावून घेतलासा."

"मी म्हणत न्हवतो? काय नसंल." मामांनी निवांत पाय लांब केला. "चा टाक पोरीला."

"चहा नको," क्रांती म्हणाली. "मामा, आत्ता दवाखान्यात जायचंय."

तिने मान वर केली नाही. उठली, म्हशीकडे तोंड केलं आणि रिक्षाला फोन लावला.