बुधवारनंतरचा शब्द

एप्रिलमधल्या दुपारी गुआसिमाल गावात कुणी धड जागं नसतं आणि कुणी धड झोपलेलंही नसतं. पाऊस अजून महिनाभर लांब, रस्त्यावर धुळीचा पिवळा पडदा, आंब्याच्या झाडाखाली पिकून पडलेल्या फळांचा आंबूस वास. पडवीतल्या झोळीत मेल्वा डोळे मिटून पडली होती आणि तिला ढोल ऐकू येत होते. ढोल कुठेच वाजत नव्हते, पण चाळीस वर्षं ज्या बाईनं त्यांच्या पुढे उभं राहून गायलं, तिच्या कानात ते उगीचच वाजत राहतात.

तिला दिसत होता तो दर फेब्रुवारीतला कार्निव्हल : खालची आळी इकडून येतेय, वरची आळी तिकडून. पाण्याचे टँकर फवारे उडवताहेत, हवेत इंद्रधनुष्य लोंबतंय, दोन्ही आळ्यांच्या राण्या आपापल्या रथांवर पिसारे सावरत बसल्यात. खालच्या आळीच्या बायकांपुढे मेल्वा, वरच्या आळीच्या बायकांपुढे बेल्किस. एक ओळ इकडून जायची, बायका टाळ्या वाजवत ती उचलायच्या. तिकडून दुसरी यायची, तिच्याहून झोंबरी. नाक, दात, नवरा, नवरा नसणं, पावडर, वय, काही म्हणजे काही सोडायचं नाही. चार दिवस असं एकमेकींच्या अब्रूची लक्तरं काढायची आणि राखेच्या बुधवारी, उपासाच्या पहिल्या दिवशी पहाटे, दोन्ही आळ्यांनी खोटंखोटं रडत मासा पुरायचा. माशाबरोबर शब्दही पुरायचे. गुरुवारी बेल्किसच्या औषधाच्या दुकानात मेल्वा डोकेदुखीची गोळी घ्यायला गेली की दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. हा नियम कुणी कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नसे.

"मावशी, ऊठ ना. साडेचारला चौकात पोचायचंय."

अब्दिएल. मेल्वाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा हा रांगत होता. मेल्वानंच त्याला वाढवला. आता तो नगराध्यक्षपदाला उभा होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. समोर उमेदवार कोण, तर बेल्किस.

"मग? काय ठरवलंस?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"आता वेड पांघरू नकोस. माझं भाषण संपता संपता मी तुझी ओळ म्हणतो. मागं ढोल असतीलच. तू नुसती उचल. बायका उचलतील, चौक उचलेल. मग बसू दे तिला पाण्याच्या पाइपांवर बोलत."

"एप्रिल आहे, अब्दिएल."

"चाळीस वर्षं तिला फुकटात शिव्या दिल्यास. आता तुझ्या पोरासाठी एकदा दे म्हटलं तर कॅलेंडर दाखवतेस?"

मेल्वानं झोळीतून पाय खाली सोडले. हो म्हणावं, तर बुधवारचा तो नियम, आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट, हातची जाणार. नाही म्हणावं, तर पोर जाणार आणि पाठोपाठ आळीही. खालच्या आळीनं भर निवडणुकीत तोंड मिटणाऱ्या बाईला पुन्हा कधी पुढे उभं केलं नसतं. मेल्वानं दोन्हीकडून हात झटकले आणि ठरवलं की नुसतं जाऊन बसायचं. काही न ठरवणं हेही ठरवणंच असतं, हे तिला कळायला हवं होतं. पण त्या उकाड्यात कुणाला काय कळतं!

चौकात चर्चच्या सावलीत मंच घातला होता. शाळेतले गुरुजी घंटी घेऊन मध्ये बसले होते; एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं, मध्ये कुणी बोलायचं नाही. खालच्या आळीच्या बायका पुढच्या बाकांवर, मधोमध मेल्वा. मागं ढोलवाले, त्यांच्या मागं बर्फगोळ्याच्या गाडीभोवती घोळका करून पुरुष. अब्दिएल बोलायला लागला. रस्ते, दिवे, बाजारपेठ. त्याचा आवाज लाउडस्पीकरमधून येता येता धुळीत विरघळत होता. उन्हानं सगळ्यांच्या कडा पुसट केल्या होत्या. मेल्वाच्या पापण्या जड झाल्या. चर्चची भिंत पाण्यासारखी हलत होती, बायकांचे पंखे पिसाऱ्यांसारखे.

आणि ढोलावर टिपरी पडली. अब्दिएलनं ओळ टाकली :

"वरच्या आळीची बेल्किस बाई, पावडर थापून आली गं..."

मेल्वा उभी होती. कधी उठली, तिचं तिला ठाऊक नाही. हात डोक्यावर, छाती भरलेली, आणि गळ्यातून तो आवाज, ज्यासाठी लोक शहरातून यायचे :

"बाजारात बसून बसून, बाजारबसवी झाली गं!"

बायकांनी उचललं. टाळ्या, ढोल, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मग मेल्वानं नेहमीसारखा हात खाली केला, तोंड वळवलं आणि थांबली. आता तिकडून येणार. नेहमी येतं. तिच्याहून झोंबरं येतं, आणि ते येईपर्यंतच्या त्या श्वासभर शांततेत मेल्वाला दरवर्षी जगातली सगळ्यात मोठी मजा वाटायची.

तिकडून काहीच आलं नाही.

बेल्किस मंचावर उभी होती. पिसारा नाही, चमचम नाही. करडे केस मागं बांधलेले, साधा निळा झगा, नाकावर चष्मा. गुरुजींनी घाबरत घाबरत घंटी वाजवली. बेल्किसची पाळी सुरू झाली होती. ती उलटून गायली असती, तर मागची माणसं म्हणाली असती, बघा, ही आपली गल्लीतलीच बाई. न गाता पाण्यावर बोलली असती, तर म्हणाली असती, बघा, कसं निमूट गिळलं. मेल्वाला हा सापळा आत्ता दिसला, आणि त्याचं दार आपणच लावलं हेही दिसलं.

बर्फगोळ्याच्या गाडीपाशी पुरुष हसत होते. कार्निव्हलमध्येही ते हसतात, पण तेव्हा ढोलांत ते ऐकू येत नाही. आज नुसतं हसणंच ऐकू आलं, आणि ते मेल्वाला फार घाण वाटलं.

बेल्किस अब्दिएलकडे पाहतच नव्हती. ती मेल्वाकडे पाहत होती. "मेल्वा," ती माइकमधून हळूच म्हणाली, "अगं, मासा केव्हाच पुरला ना आपण?"

मेल्वा अजून उभीच होती. खाली बसणं सोपं होतं. पण खेळ अर्धा सोडलेला तिला कधीच सहन झाला नव्हता. ओळ गेली की उत्तर आलंच पाहिजे, आणि बेल्किसला देता येत नसेल तर ते कुणीतरी द्यायला हवं. मेल्वानं पुन्हा हात डोक्यावर नेला. या खेपेला जागी होती. वरच्या आळीची तिच्यावरची सगळ्यात जहरी ओळ तिनं धरली.

"खालच्या आळीची मेल्वा भवानी, नवरा टिकेना दारी गं..."

ढोलवाले गप्प. तिच्या बायकांनी टाळीला उचललेले हात तसेच हवेत ठेवले.

"मेल्वाताई, खुळी झालीस का?" शेजारची पुटपुटली. "त्यांचं गाणं?"

मागं पुरुष हसले. तेच हसणं, तितकंच मोठं. बाई कुठली, आळी कुठली, त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

"मावशी, बस खाली!" अब्दिएल मंचाच्या कडेला आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. पुढची ओळ काय आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. "मावशी, नको."

"भाचा म्हणून पोर पोसलं..."

सगळ्या चौकानं श्वास आत घेतला. उरलेले चार शब्द, पोर मेल्वाचंच आणि बाप भलताच असं सुचवणारे, सगळ्यांच्या ओठांवर आलेच होते.

"पुरे!" बेल्किसचा आवाज माइकमध्ये फाटला. "ती ओळ माझी आहे. मी रचलीय. मी ती इथं म्हणू देणार नाही." मग तिनं चष्मा सारखा केला. "नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी येतं, यावर मला बोलायचंय. ज्यांना हसायचंय, त्यांनी बर्फगोळा संपवून घरी जावं."

आणि ती बोलली. चांगलं बोलली की वाईट, मेल्वाला काही सांगता आलं नसतं. तिला फक्त दिसत होतं की शेजारच्या बायका एकेक करून उठून मागच्या बाकावर जात होत्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना ऊन पडत होतं.

घरी जाताना अब्दिएल दोन पावलं पुढं चालत होता. संध्याकाळ गुलाबी आणि मऊ झाली होती. घरांपुढच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं त्यांना पाहून बोलायची थांबत होती. वळणावर तो थबकला.

"हरवलंस मला आज."

"असेल."

"तिनं थांबवलं नसतं तर म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते बहुतेक," मेल्वा म्हणाली. "तुला कसं लागेल, हे डोक्यातच आलं नाही. तिला कसं लागेल, हे तुझ्या डोक्यात आलं नाही, तसंच."

तो चपलेनं धूळ उकरू लागला. मोठा पुरुष, नगराध्यक्ष व्हायला निघालेला, आणि खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसाच थरथरत होता.

"शाळेत पोरं मला ती ओळ म्हणून दाखवायची. जूनमध्ये. सप्टेंबरमध्ये. मी घरी येऊन तुला विचारलं होतं, तर म्हणालीस, बुधवारी पुरलं की संपलं."

"म्हणाले होते."

"तुझं संपायचं?"

मेल्वाच्या जिभेवर 'हो' तयार होतं. आयुष्यभर तेच दिलेलं उत्तर. बेल्किसला दिलेलं, आळीला दिलेलं, आरशातल्या बाईला दिलेलं. तिला वाटलं, बेल्किसही हेच देत आली असणार, त्या दुकानाच्या काउंटरपलीकडून, गोळ्या मोजताना.

"नाही रे," ती म्हणाली. "मासा पुरून आलं की मी स्वयंपाकघरात बसून रडायचे. तुला ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्यानं लावायचे."

अब्दिएलनं तिच्याकडे पाहिलं.

"तो रेडिओ?" तो म्हणाला. "मला वाटायचं, कार्निव्हल संपला म्हणून तुला करमत नाही."