नाकासमोर बघणाऱ्याची खिडकी

या, असे पुढे सरका. मागे राहिलात तर निम्मी गोष्ट भिंतच ऐकेल. देवाने ज्याच्या शेजारी डोंगर उभा करून ठेवला आणि ज्याने तो कधी पाहिलाच नाही, अशा एका माणसाची गोष्ट सांगतो.

हा माणूस घाटात बस चालवायचा. सगळे त्याला नाकासमोर म्हणत, कारण स्टिअरिंगवर हात पडला की त्याची नजर रस्ता सोडत नसे. घाटात एक वळण होतं. तिथे दरी उघडायची आणि पलीकडे बर्फाचा डोंगर दिसायचा. त्या वळणावर गाडीतली बडबड एकाएकी थांबे. रडणारं पोर गप्प, भांडणारे गप्प. आरशात सगळी डोकी डावीकडे वळलेली दिसत. नाकासमोरला डोंगर ठाऊक होता तो एवढाच, पाठीमागे पसरणारी ती शांतता.

निवृत्तीनंतर बायकोने त्याला हौसेने त्याच बसमध्ये खिडकीशी बसवलं. पण स्वारी नव्या ड्रायव्हरच्या खांद्यावरून रस्ता न्याहाळत होती आणि रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होती. वळण गेलं. बायको घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याचा अर्थ संसारी माणसांना वेगळा सांगायला नको.

पुढे मुलीने दोघांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. घर आवरलं, किल्ली घरमालकाला दिली. बायकोच्या गुडघ्यांना घाट सोसेना, म्हणून विमान. प्रवास तसा घडीभराचा. जागा कुठली धरू, असं मुलीने फोनवर विचारलं, तर हा म्हणाला, खिडकीची, डाव्या हाताची. मग थोडं थांबून, पंख आडवा येणार नाही अशी बघ हं, म्हणाला. मुलगी हसली. बायको हसली नाही. तिने ओळखलं होतं, गडी मनातून धास्तावलाय. पुन्हा या वाटेला येणं नाही, आणि आताही मान वळली नाही तर?

विमान उठलं. नाकासमोर ताठ बसला, डोळे पुढच्या सीटच्या पाठीवर. तिथे रस्ता कुठला? एक खिसा होता आणि खिशात कागदी पिशवी. खड्डा यावा तसा तो त्या पिशवीवर नजर ठेवून होता. बायकोने ऐकवलं, एवढी पिशवीच बघायची होती तर घरात थोड्या होत्या का?

आणि मग विमानातली बडबड थांबली.

तीच शांतता. त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, गाडी दुसऱ्याच्या हातात आहे. सोडा आता पाय."

"मी नजर काढली आणि काही झालं तर?"

"इतकी वर्षं तुमच्या मागे बसून लोकांनी डोंगर बघितला. कुणी कधी विचारलं का असं?"

पाय सैल झाला. मान वळली.

डोंगर काचेत मावत नव्हता. त्याच्या माथ्यावरून वारा बर्फाची धूळ उडवत होता, चादर झटकावी तशी. उन्हात ती धूळ क्षणभर पेटल्यासारखी दिसे आणि विरून जाई. आणि खाली, पार पायथ्याशी, एक करडा दोरा पडला होता. नाकासमोरने तो वळणांवरून ओळखला. त्याचा घाट. एवढ्याशा दोऱ्यावरून आपण माणसं नेली, आणली, आणि हा एवढा थोरला शेजारी उभा.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला,

"म्हणजे रोज हा माझ्याकडे बघत होता."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. डोंगर मागे पडला तरी त्याने मान सरळ केली नाही. उतरल्यावर मुलगी विचारू लागली, बाबा, मान अशी वाकडी का धरलीय?

तेव्हा मंडळी, एवढं करा. कधी खिडकी लाभली आणि बाहेर बघता बघता तोंडातला शब्द तोंडातच राहिला, तर नाकासमोरची आठवण काढा. तुमची ती शांतता पुढे बसलेल्या माणसाच्या मानेपर्यंत पोचते.